रुमालाखालचा भाव

विश्रामबागेत, झेरॉक्सचं दुकान होतं तिथं
आता जपानी हॉटेल आहे.
सहा स्टुलं. एक लांब फळी.
दाराला अर्धाच पडदा, आत जायचं तर
मान वाकवावीच लागते.
मंगळवारी दुपारी कुणी नसतं,
म्हणून मी मंगळवारी.

नौशाद तांबोळी, मिरजेचा.
आठ वर्षं पुण्यात,
त्यातली तीन नुसते तांदूळ धुण्यात.
"पाणी नितळ होईस्तोवर, काका. सात वेळा."
चहा देतो तो बिनदुधाचा, बिनसाखरेचा,
ताप उतरलेल्या माणसाला द्यावा तसा.
वाटीला कान नाही.
पहिल्या खेपेला हात भाजला.
दुसऱ्या खेपेला थांबलो.

मी आदगोंडा मगदूम, वय एकाहत्तर.
कंदमुळं सोडून बत्तीस वर्षं झाली.
आल्या आल्याच त्याला सांगितलं,
मासा नको, अंडं नको, आलं नको,
आणि हे काळं, कागदासारखं?
"शेवाळ. समुद्रातलं."
काढ.
शिरका?
"तुमच्यापुरतं लिंबू पिळतो."
आणि हे हिरवं, नाकात जाणारं,
मुळी आहे ना ही?
"मुळीच."
मग मुळीच नको.

उरला इंद्रायणीचा गोळा, पोटात काकडी,
घाटावर कपडे ठेवून
नदीत उतरलेल्या पोरासारखा उघडा.
बरा लागतो.

काड्या मात्र जमत नाहीत.
ह्याच बोटांनी चाळीस वर्षं
मार्केट यार्डात हळदीचा सौदा केला.
रुमालाखाली, समोरच्याच्या तळहातात,
करंगळी दाबली तर एवढे,
दोन बोटं ओढली तर तेवढे.
तोंडानं विचारायचं पाऊसपाणी, पोरीचं स्थळ,
आणि खाली लाखाची उलाढाल.
आता भाव लाल आकड्यांत पळतो भिंतीवर,
रुमाल घाम पुसायला.
काकडी निसटते.
नौशाद बघत नाही.
बघत नाही, आणि चमचा आणून ठेवतो.

परवा शेजारी कॉलेजची दोन पोरं,
त्यांच्या ताटलीत पिवळ्या चकत्या.
वास आला. मी स्टुलावरून निम्मा उठलो.
"मुळा आहे, काका, खारवलेला. तुम्हाला चालत नाही."
मुळा चालत नाही, माहीत आहे.
पिवळा कुठला?

त्यानं बरणी पुढं केली.
मी खाल्ला नाही.
बोट बुडवलं, नाकाशी नेलं.
राजापुरी.
पण पॉलिश फार, आणि पेवातली नव्हे.
पेवातल्या हळदीला मातीचा एक पदर असायचा
वासाच्या अगदी खाली, उशिरा येणारा.
हरिपूरची पेवं पाचच्या पुरात बसली,
तेव्हापासून तो वास
मी कुणाला समजावून सांगत नाही.

"किलोला काय दिलेस?"
त्यानं आकडा सांगितला.
लुटलं रे तुला,
आणि तेही सांगलीत बसून, हळदीत!

मग काय सुचलं कोण जाणे.
फळीवरचा रुमाल उचलला, त्याच्या हातावर टाकला,
आणि खालून तर्जनी दाबली,
मग मधलं बोट, मग मनगट,
एवढ्याला थेट शेतावरून देववतो, बोल.
वर तोंडानं विचारलं,
अम्मीचे गुडघे कसे आहेत?
पोरं खायची थांबली.
नौशादनं हात सोडवला नाही.
रुमालाकडं बघत राहिला,
खाली काहीतरी चाललंय एवढं त्याला कळत होतं.
"काका," शेवटी म्हणाला,
"हात लई गार पडलाय तुमचा,"
आणि दुसऱ्या हातानं
वाटीत चहा ओतला.

बोट दोन दिवस पिवळं होतं.
इंदुमतीनं वाढताना बघितलं.
"कुणाची हळद होती?"

तेच तर शोधतोय, म्हटलं.